मातीतला इतिहास, कागदातला इतिहास : वाचकांचे प्रश्न

पुरातत्त्व आणि इतिहास या विषयावर बडोद्यातल्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. एकाच आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

नातेवाइकांच्या घराचं काम अकोट्यात चालू आहे. पाण्याच्या टाकीसाठी सात-आठ फूट खोदल्यावर मोठाल्या विटा, लाल खापरं आणि शंखाच्या बांगडीचा तुकडा निघाला. मुकादम म्हणतो, गुपचूप बुजवा, नाहीतर काम बंद पडेल. काय करावं?
— वाचक, अकोटा

बुजवू नका आणि हौसेनं आणखी उकरूही नका. अकोटा म्हणजे जुनं अंकोट्टक. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपासून तिथे वस्ती होती, हे उत्खननात दिसलं आहे. त्यामुळे तुमची खापरं जुनी असण्याची शक्यता चांगली आहे. पण खापर नुसतं हातात घेऊन फार काही कळत नाही. ते किती खोलीवर, कोणत्या थरात आणि कशाच्या सोबत होतं, ही माहिती गेली तर उरते ती भाजलेली माती.

खड्ड्याची एक उभी कड करणीनं हलकेच खरवडून साफ करा. मातीचे रंग वेगळे दिसू लागतील : राखाडी, पिवळसर, विटांच्या चुऱ्याची तांबूस. कडेला मीटरची टेप उभी लावून सावलीत फोटो काढा, कारण उन्हात थरांच्या रेषा पुसट दिसतात. खोली मोजताना शेजारच्या ओट्यासारखी न हलणारी जागा शून्य धरा. जमिनीची पातळी उद्या भराव टाकला की बदलते. प्रत्येक थराची खापरं वेगळ्या पिशवीत ठेवा आणि खोली, थराचा रंग, तारीख लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या करा, एक पिशवीच्या आत आणि एक बाहेर. बाहेरची चिठ्ठी पावसात जाते, हे ठरलेलंच.

काठाचे आणि बुडाचे तुकडे कितीही लहान असले तरी टाकू नका. भांड्याचा घेर आणि घाट त्यांवरूनच ठरतो. आतून काजळी किंवा खरपुडी धरलेली खापरं धुऊ नका. त्यात काय शिजत होतं, याचा अंश अजून असू शकतो. बारीक मातीचं, गुळगुळीत, चकाकी आणलेलं लाल खापर असेल तर ते वेगळं दाखवा. तशी भांडी गुजरातेत इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत वापरात होती.

विटा अखंड असतील तर लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मोजा. आजची वीट नऊ इंचांची. त्या काळातल्या विटा ४० सेंटिमीटरच्या पुढे जातात. मात्र जुनी भिंत पाडून तिच्याच विटांनी नवी बांधायची रीत सगळीकडे होती. म्हणून वीट जुनी म्हणजे भिंत जुनी, असं धरू नका. विटांमध्ये मातीचा गारा आहे की चुना, तेही लिहून ठेवा.

इथे हमखास एक चूक होते. गायकवाडी काळात कुणी उकिरड्यासाठी खड्डा खणला असेल, तर वरची वस्तू खाली आणि खालची वर गेलेली असते. कडेत काळसर मातीची वाकडी रेषा वरून खाली उतरताना दिसली तर तो असा जुना खड्डा. त्याच्या आतला माल वेगळ्या पिशवीत जायला हवा. नियम सोपा आहे : थरात सापडलेली सर्वांत नवी वस्तू जितकी जुनी, थर फार तर तितकाच जुना. क्षत्रपकाळची, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली पन्नास खापरं आणि चिनीमातीच्या कपाचा एक कान असं एका थरात मिळालं, तर थर कपाचा आहे.

आता मुकादमाची भीती. खापरं निघाली म्हणून खाजगी जागेतलं काम आपोआप बंद होत नाही. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीची अट असते, ती गोष्ट वेगळी. नाणी, दागिने, मूर्ती असं काही किमतीचं निघालं तर मात्र १८७८ चा निखात निधीचा कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कायद्यातली किमतीची मर्यादा दहा रुपये आहे, म्हणजे आज जवळपास काहीही. नुसती खापरं-विटा असतील तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागात फोटो आणि पिशव्या घेऊन जा.

वाड्यातल्या पेटीत मोडी कागदांची दोन गाठोडी निघाली. थोरले काका म्हणतात लॅमिनेट करून घे. आणि ‘सु॥ खमस सबैन मया व अलफ’ हे वर्ष आहे म्हणतात, ते कोणतं?
— वाचक, दांडिया बाजार

काकांचा मान राखून सांगतो, लॅमिनेशन अजिबात नको. गरम प्लास्टिक कागदाच्या तंतूंत शिरतं, ते पुन्हा सुटत नाही. सेलोटेपही तसाच. काही वर्षांनी टेप गळून पडते, चिकटा मात्र पिवळा होऊन अक्षरांत उतरतो. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावतात. तेही जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

पावसाळ्यात गाठोडी सोडू नका. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सोडा. घडी ताठ असेल तर जोर करू नका, घडीवरच कागद तुटतो आणि नेमकी तिथलीच ओळ जाते. मऊ ब्रशनं मधून कडेकडे धूळ काढा. ओला बोळा, ओलं बोट काही लावू नका. काजळीची शाई दोनशे वर्षांत उडत नाही, पण ती डिंकात कालवलेली असते, पाणी लागलं की पसरते. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, शेजारी पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागची बाजू कोरी वाटली तरी काढा, कारण पत्ता, पावतीची तारीख, शेरा मागेच असतो. लांब गुंडाळीत कागद जिथे जोडले आहेत, तिथे पाठीवर शिक्का आहे का ते पाहा. मधला बंद कुणी बदलू नये म्हणून तो मारत.

मूळ गाठोड्यातला क्रम मोडू नका, हे सर्वांत महत्त्वाचं. तारखेप्रमाणे लावायचा मोह होतो. पण कारकुनानं कोणता कागद कशासोबत बांधला होता, यावरून प्रकरण काय होतं ते कळतं. आधी आहे त्या क्रमानं पाकिटांवर नंबर घाला आणि तारखेची यादी वहीत वेगळी करा. नंतर धुऊन वाळवलेल्या सुती रुमालात बांधा. नवं लाल कापड न धुता वापरलं तर दमट हवेत त्याचा रंग कागदावर उतरतो. गाठोडं बाहेरच्या भिंतीला लागून ठेवू नका, माळ्यावर तर नाहीच.

आता वर्ष. ‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. त्यातले आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून लिहितात : खमस ५, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. म्हणजे ११७५. सुहूर वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला लागतं. म्हणून जून ते डिसेंबर असेल तर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मे असेल तर ६००. तुमचा कागद १७७४-७५ चा आहे. ताळा पाहायचा असेल तर पानिपत घ्या : इहिदे सितैन मया व अलफ, ११६१, लढाई जानेवारीतली, म्हणून ६०० मिळवून १७६१.

घोटाळा होतो तो एकक आणि दशकाच्या सारख्या शब्दांत. सलास ३ आणि सलासीन ३०, अर्बा ४ आणि अर्बैन ४०, सबा ७ आणि सबैन ७०, समान ८ आणि समानीन ८०. मोडीत शेवटचं अक्षर घाईत ओढलेलं असतं, तेवढ्यानं वर्ष कुठल्या कुठे जातं. शक्यतो कागदातल्या दुसऱ्या तारखेशी पडताळा. शके असेल तर चैत्र ते डिसेंबर ७८ आणि जानेवारी ते फाल्गुन ७९ मिळवा. बडोद्याच्या कागदांत संवतही भेटतो. गुजराती संवत कार्तिकात बदलतो, शके चैत्रात. महिने तेच, वर्षाचा आकडा मात्र वेगवेगळ्या वेळी पालटतो. चैत्र ते आश्विन शक-संवतातलं अंतर १३४, कार्तिक ते फाल्गुन १३५. हे अंतर जुळलं नाही तर तुमच्या वाचनात चूक आहे किंवा मूळ लिहिणाऱ्याच्या. बहुतेक वेळा आपल्याच.

आजोबांची तांब्याची गायकवाडी नाणी हिरवी पडली आहेत. चिंचेनं लख्ख निघतात असं ऐकलं.
— वाचक, रावपुरा

निघतात, आणि अक्षरंही निघतात. तांब्यावरचा घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर नाण्याचं संरक्षण करतो आणि झिजलेल्या अक्षरांच्या कडा बऱ्याचदा त्याच थरात शिल्लक असतात. चिंच, लिंबू, पितळेची पॉलिश यांनी तो विरघळतो. काळजी करायची ती फिकट हिरव्या भुकटीची. नखानं सहज उडते ती. ती क्लोराइडची कीड, दमट हवेत वाढत जाते. असं नाणं वेगळं काढा, सिलिका जेलसोबत हवाबंद डबीत ठेवा आणि संग्रहालयातल्या रसायनतज्ज्ञाला दाखवा. मऊ, वासाच्या पीव्हीसी पाकिटांत कुठलंच नाणं ठेवू नका. सयाजीराव तिसऱ्यांच्या यंत्रावर पाडलेल्या नाण्यांवर संवत असतो. त्यातून ५७ किंवा ५६ वजा केलं की इसवी सन मिळतो.

बातमीत ‘कार्बन चाचणीत अमुक इतकी वर्षं जुनं’ असं छापतात. ही चाचणी दगडी मूर्तीवरही होते का? आणि ± म्हणजे काय?
— बारावीची विद्यार्थिनी, कारेलीबाग

दगडावर होत नाही. जे कधीतरी जिवंत होतं त्यावरच होते : कोळसा, धान्य, हाड, शिंपला, कापड. जीव मेला की त्यातला कार्बन-१४ हा किरणोत्सारी कार्बन घटू लागतो आणि ५७३० वर्षांत निम्मा उरतो. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याइतका तो राहतच नाही. मूर्तीचं वय सांगायचं तर तिच्या थरातला कोळसा तपासावा लागतो आणि मूर्ती खरोखर त्याच थरातली होती हे आधी सिद्ध करावं लागतं.

प्रयोगशाळा देते तो आकडा, समजा २४५० ± ३०, हा ‘१९५० सालाच्या आधी इतकी वर्षं’ असा असतो. खरं कार्बन-वय त्या साठ वर्षांच्या पट्ट्यात असण्याची शक्यता ६८ टक्के, पट्टा दुप्पट केला तर ९५ टक्के. पण हे कच्चं वय. हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण प्रत्येक शतकात सारखं नव्हतं, म्हणून झाडांच्या वर्षवलयांवरून केलेल्या आलेखाशी ते जुळवून घ्यावं लागतं. आपल्याकडची खरी अडचण इथे येते. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात हा आलेख जवळजवळ आडवा आहे. २४५० ± ३० चं उत्तर इ.स.पू. ७५० पासून ४१० पर्यंत कुठेही येऊ शकतं. बुद्धकाळ आणि त्याच्या आधीची गंगेच्या खोऱ्यातली पहिली नगरं नेमकी याच पट्ट्यात बसतात, म्हणून त्यांच्या तारखांवर इतके वाद. अशा वेळी एक नमुना पुरत नाही. एकावर एक असलेल्या थरांतले सात-आठ नमुने घेतले तर क्रमाच्या आधारे पट्टा आवळता येतो.

दुसरी फसगत लाकडाची. सागाच्या जाड तुळईच्या गाभ्यातला कोळसा घर जळालं त्या वर्षाचं वय सांगत नाही. ते वलय झाडात तयार झालं तेव्हाचं सांगतो, शंभर-दोनशे वर्षं आधीचंही. म्हणून जळका दाणा बरा, तो एकाच हंगामाचा असतो. पूर्वी काही ग्रॅम कोळसा लागत असे, आता कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या त्वरक यंत्रावर एक दाणाही पुरतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत तसं यंत्र आहे. नमुना स्वच्छ चिमट्यानं उचलून ॲल्युमिनियमच्या पन्नीत बांधतात, कापसात किंवा कागदात नाही, कारण तेही कार्बनच. केसासारखी बारीक मुळं चिकटलेली राहिली तर वय नवं येतं.

आता बातमीत नुसता एक आकडा दिसला तर तीन गोष्टी शोधायच्या : नमुना कशाचा, कोणत्या थरातला, आणि छापलेलं वय कच्चं की जुळवलेलं. तिन्ही नसतील तर पान उलटावं.

खंभातचे अकीक कारागीर आजही हडप्पाकालीन पद्धतीनंच मणी करतात, असं सहलीत सांगितलं. खरंच का?
— वाचक, मांजलपूर

अर्धं खरं. दगड राजपिपळ्याजवळच्या रतनपूर भागातला. आधी उन्हात वाळवायचा, मग मातीच्या मडक्यात ठेवून शेणी आणि भुशाच्या मंद आचेत भाजायचा. दगडातलं पिवळसर लोह तापून लाल होतं, म्हणून कार्नेलियनचा, म्हणजे लाल अकीकाचा रंग. आच एकदम वाढली तर आतलं पाणी वाफ होऊन दगड तडकतो. जमिनीत तिरक्या रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं टोले द्यायचे. शिंग मऊ, त्यामुळे टोला पसरतो आणि खालच्या टोकाकडून कपचा उडतो. भाजणं आणि कपचे काढणं याची जातकुळी जुनी आहे यात शंका नाही, फक्त हडप्पांकडे लोखंड नव्हतं.

वेगळं पडतं ते भोक. आजचा कारागीर कमानीच्या गिरमिटाला हिऱ्याच्या दोन बारीक कण्या बसवतो आणि मिनिटांत आरपार जातो. हडप्पांकडे हिरा नव्हता. त्यांची गिरमिटं एका अतिकठीण, मुद्दाम तापवून घडवलेल्या दगडाची. पुरातत्त्वज्ञ त्याला अर्नेस्टाइट म्हणतात. धोळावीरेला ती शेकड्यांनी मिळाली. प्रयोगात त्यांचा वेग तासाला सुमारे अडीच मिलिमीटर आला. म्हणजे सहा सेंटिमीटरच्या मण्याला चोवीस तास नुसतं भोक पाडणं, तेही दोन्ही टोकांकडून, मध्ये नेमकी गाठ पडेल अशा बेतानं. मेसोपोटेमियात ऊरच्या राजेशाही थडग्यांत सिंधू खोऱ्यातले लांब मणी का पुरले गेले, ते या हिशोबावरून कळतं.

हे ओळखतात कसं? भोकात पातळ सिलिकॉन ओततात, घट्ट झालं की ओढून काढतात आणि तो धागा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हिऱ्याच्या कण्यांनी ओढलेल्या बारीक गोल रेषा शेवटपर्यंत सारख्या दिसतात. दगडी गिरमिट स्वतः झिजत जातं आणि बदलावं लागतं, म्हणून भोक पायरीपायरीनं निमुळतं होतं. बाजारात ‘हडप्पाकालीन’ म्हणून विकला जाणारा मणी याच परीक्षेत नापास होतो.

जुना कोरीव लेख एक सांगतो, उत्खनन दुसरंच. मग विश्वास कशावर ठेवायचा?
— तीन वाचकांचा मिळून एक प्रश्न

दोघांना एकच प्रश्न विचारला तर हा गोंधळ होतो. शके ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२ चा राष्ट्रकूट कर्काचा ताम्रपट घ्या. त्यात वडपद्रक, म्हणजे आजचं बडोदं, हे गाव दान दिलं आहे. ते अंकोट्टकाच्या चौऱ्यांशी गावांपैकी एक, आणि त्याच्या पश्चिमेला अंकोट्टक. म्हणजे तेव्हा अकोटा मोठं आणि बडोदं त्याच्या हाताखालचं खेडं. हे कोणत्याही खापरावरून कळलं नसतं. उलट त्या खेड्यातली माणसं काय खात होती, भांडी कुठून आणत होती, यावर ताम्रपट अक्षर काढत नाही. तो दस्तऐवज आहे. मालकी, सीमा आणि करमाफी एवढ्यापुरता तो बोलतो. शिवाय बनावट ताम्रपटही होते. अक्षराचं वळण त्या शतकाचं आहे का, तिथी आणि वार गणितानं जुळतात का, वंशावळ इतर पटांशी मिळते का, हे तपासल्याशिवाय तो पुराव्यात घेत नाहीत.

नाण्यांचं एक झकास उदाहरण इथल्याच क्षत्रप राजांचं. जेमतेम दोन ग्रॅमची चांदीची नाणी. पण कडेनं राजाचं आणि त्याच्या बापाचं नाव, आणि दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चेहऱ्यामागे शकवर्षाचा आकडा. त्यामुळे या घराण्याचा बहुतेक क्रम ग्रंथांवाचून लावता आला.

आणि आता अडलेलं उदाहरण. शामळाजीजवळ देवनी मोरीचा स्तूप सयाजीराव विद्यापीठानं १९६० ते ६३ मध्ये खणला. त्यातल्या अस्थिमंजुषेवर लेख आहे : कथिक राजांचं वर्ष १२७, राजा रुद्रसेन. स्पष्ट आकडा, स्पष्ट नाव, तरी ही वर्षगणना कोणती, हा प्रश्न सुटत नाही. ही गणना शक मानली तर वर्ष येतं इ.स. २०५, आणि तेव्हा क्षत्रप रुद्रसेन पहिला गादीवर होता. इ.स. २४८-४९ ला सुरू होणारी कलचुरी गणना धरली तर येतं ३७५-७६, आणि तेव्हा रुद्रसेन तिसरा. दोन्ही बसतात! फरक १७० वर्षांचा, आणि त्यावर मूर्तिकलेचा अख्खा क्रम अवलंबून आहे : तिथल्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती गुप्तशैलीच्या आधीच्या की तिच्या काळातल्या. स्तूपाची जागा आता मेश्वो धरणाच्या पाण्याखाली आहे, पुन्हा खणून पाहायची सोय नाही. उरल्या आहेत त्या वस्तू आणि उत्खननाच्या नोंदी. आमचा कल ३७५-७६ कडे आहे, पण पैज लावणार नाही.

मुलाला बारावीनंतर पुरातत्त्व शिकायचं आहे. विज्ञान शाखा सोडावी लागेल का?
— पालक, अलकापुरी

सोडायची गरज नाही, विज्ञानवाल्यांना इथे उलट मागणी आहे : हाडं, परागकण, धातू, नकाशे सगळीकडे. पदवी कुठलीही घेऊन एम.ए.ला पुरातत्त्वाकडे वळता येतं. सयाजीराव विद्यापीठ घराजवळ आहे, पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका ग्रेटर नोएडाला असते, ती एम.ए. नंतर. तोवर त्यानं एखाद्या उत्खननात हंगामभर खापरं धुण्याचं आणि नंबर घालण्याचं काम करून पाहावं. सकाळी सहा ते दुपारपर्यंत ऊन, नंतर संध्याकाळी वही. हे आवडलं तर बाकीचं शिकता येतं. मोडी आणि ब्राह्मी मात्र आत्तापासून सुरू करा, त्यांना शाखेची अट नाही.